खाट मिळाली, ताट राहिलं

माझा भाचा साडेचार वर्षांचा असताना सलग सात आठवडे हॉस्पिटलात होता. त्या मुक्कामात वर्षातला मोठा सण येऊन गेला. सकाळी अकरापासून वॉर्डाच्या दारात माणसं यायला लागली. कुणी गोडाचे डबे आणले, कुणी भरलेली ताटं, कुणी फळांच्या टोपल्या. दुपारी दोनपर्यंत माझ्या बहिणीच्या बाकाखाली चार ताटं जमली होती आणि तिनं एकालाही हात लावला नव्हता. भाच्याचा स्कॅन अचानक त्याच दुपारी ठरला होता. भूल द्यायची म्हणून त्याला सकाळपासून उपाशी ठेवलेलं. दर पंधरा मिनिटांनी तो पाणी मागायचा. त्याच्यादेखत तिच्या घशाखाली घास उतरणं शक्य नव्हतं. स्कॅनला नंबर लागला साडेचारला, पोरगं नीट जागं झालं साडेसहाला. सिस्टरनी ती ताटं पाहिली आणि म्हणाल्या, "ताई, हे आता तुम्हीही खाऊ नका, त्यालाही देऊ नका." त्यांचं बरोबरच होतं. रात्री नऊला मी पोचलो तेव्हा कॅन्टीनचं शटर खाली होतं, सणाची सुट्टी होती. बहीण दोन बिस्किटं आणि गार चहा पिऊन झोपली. वॉर्डाबाहेरचा कचऱ्याचा डबा न उघडलेल्या ताटांनी वरपर्यंत भरला होता.

ती ताटं आणणारी माणसं मनापासून आली होती. स्वतःच्या घरचा सण सोडून आली होती. पुढे मीही अशा लोकांबरोबर जाऊ लागलो, त्यामुळे त्यांना काय वाटतं ते मला ठाऊक आहे. पण त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही. आजारी मुलाच्या घरच्यांना आपण सणाचं जेवण देतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. मुलाजवळ बसलेल्या माणसाचं रोज पोट भरणं ही उपचाराची बाब आहे. ती हॉस्पिटलनं आपल्या हिशेबात धरली पाहिजे. सण ही भेट आहे आणि ती बाहेरच्या माणसांनी द्यावी. बहुतेक ठिकाणी पहिली गोष्ट कुणी करत नाही. मग तिचं सगळं ओझं दुसरीवर येऊन पडतं, आणि सण एका दुपारीत कोंबला जातो.

आई किंवा बाप मुलाच्या उशाशी असणारच, हे आज आपण गृहीत धरतो. आधुनिक हॉस्पिटलच्या इतिहासात मात्र ते भांडून मिळवावं लागलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनसारख्या देशांत मुलाला वॉर्डात सोपवलं की आईवडिलांनी घरी जायचं, आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला भेटायला यायचं. आई निघाली की मूल रडतं, मग आई न आलेलीच बरी, असा तेव्हाचा हिशेब. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स नावाचे डॉक्टर १९२० च्या दशकातच आयांना तान्ह्या बाळांबरोबर ठेवून घेत होते, पण असे डॉक्टर विरळाच. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन या संशोधकांनी शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचे हॉस्पिटलातले आठ दिवस कॅमेऱ्यात टिपले. मूल शांत झालं याचा अर्थ ते सावरलं असा नसतो, आतून ते मिटत चाललेलं असतं, हे त्या चित्रणात उघड दिसलं. डॉक्टरांना ते आवडलं नाही, पण नजरेआडही करता येईना. १९५९ मध्ये हॅरी प्लॅट यांच्या समितीनं ब्रिटिश सरकारला सांगितलं की आईवडिलांना मुलाकडे येण्याची मोकळीक द्या, आणि लहानग्यांच्या आयांना तिथंच राहू द्या. पुढे १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथं युरोपातल्या संस्थांनी हॉस्पिटलातल्या मुलांसाठी दहा कलमांची सनद केली. तिचं तिसरं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं: सर्व आईवडिलांना राहायला जागा द्यावी, राहण्यासाठी त्यांना प्रोत्साहन द्यावं, आणि राहिल्यामुळे त्यांच्यावर जादा खर्चाचा किंवा बुडालेल्या कमाईचा भार पडू नये.

म्हणजे खाटेची लढाई दोन पिढ्या चालली, आणि ती बऱ्याच अंशी जिंकली गेली. स्वयंपाकघरापर्यंत मात्र ही बातमी पोचलीच नाही. वॉर्डाच्या आहाराच्या यादीत बेड नंबर असतो, त्यापुढे त्या पेशंटचा डाएट असतो. 'चार नंबरची आई' अशी हाक दिवसातून वीस वेळा येते, पण यादीत चार नंबरला आई नसते. तिला खाट मिळाली, ताट मिळालं नाही.

मग ती काय खाते? मुलाच्या ताटात उरलेलं. ज्यांनी वॉर्डात रात्री काढल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. मूल दोन घास खाऊन तोंड फिरवतं, आणि ते बिनमिठाचं, मऊ, गार झालेलं अन्न आई उभ्याउभ्या संपवते. मूल नेमकं त्या दिवशी सगळं जेवलं तर तिला आनंद होतो आणि ती उपाशी राहते.

हा केवळ दयेचा प्रश्न असता तर मी इतकं ताणून धरलं नसतं. जवळच्या माणसाचं असणं हेच औषध आहे, असं अलीकडचं वैद्यकशास्त्र सांगतं, आणि आकड्यांनिशी सांगतं. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. ही बाळं दिवसाचे साधारण सतरा तास आईच्या किंवा तिच्या जागी बसलेल्या माणसाच्या अंगाशी होती. त्याआधी, २०१८ मध्ये, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ नवजात अतिदक्षता विभागांचा अभ्यास आला. तिथं आईवडील रोज किमान सहा तास बाळाची काळजी स्वतः घेत होते. त्या बाळांचं वजन जास्त वाढलं, आईवडिलांवरचा ताण कमी राहिला, आणि अंगावरच्या दुधाचं प्रमाण वाढलं.

आता सतरा तास छातीशी बाळ घेऊन बसलेल्या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. ती उठते कधी? उठली तर जाते कुठे? पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात. ज्या यंत्रणेनं तिच्या शरीराला उपचार म्हणून वापरलं, त्या यंत्रणेला तिच्या जेवणाचा खर्च आपला का वाटू नये? सलाईनच्या बाटलीचा हिशेब आपण पेशंटच्या नातेवाइकांवर सोडत नाही की जमलं तर लावा, नाही जमलं तर राहू द्या.

मोठ्या मुलांच्या वॉर्डातही चित्र वेगळं नाही. रात्री तीन वाजता अंग तापलंय हे आधी हाताला कळतं, थर्मामीटर नंतर लागतो. किती लघवी झाली याची नोंद, तोंडातल्या छाल्यांसाठी गुळण्या, सुई टोचताना हात धरून ठेवणं, उलटीचं भांडं, कडू गोळी कशात लपवून द्यायची याची रोजची युक्ती. ही सगळी कामं वॉर्डाची आहेत आणि ती बिनपगारी माणूस करतो. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या, पडलेल्या मुलाचा ताप दोन तास उशिरा लक्षात आला तर काय होऊ शकतं हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. त्या तापावर नजर ठेवणारी व्यक्ती आज जेवली का, हे मात्र कुणाच्या केसपेपरवर नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, आणि पुष्कळ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहून कमी. या दरीमागे उशिरा झालेलं निदान आहे, औषधांची टंचाई आहे, आणि अर्ध्यावर सोडलेले उपचारही आहेत. उपचार अर्ध्यावर का सुटतात, हे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ऐकावं. औषध फुकट मिळत असलं तरी राहणं, येणं-जाणं, बुडालेली मजुरी आणि दोन्ही वेळचं जेवण फुकट नसतं. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. तेवढ्या काळात प्रत्येक सण दोन-तीन वेळा येतो, आणि मधले सगळे साधे दिवसही येतात. त्या साध्या दिवसांचं काय?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातली एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. फ्रेड हिल हे तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे खेळाडू. त्यांच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. हॉस्पिटलात त्यांनी जे पाहिलं आणि भोगलं ते असं: आईवडील खुर्च्यांवर झोपताहेत आणि यंत्रात नाणं टाकून जे पडेल ते खाताहेत. त्याच शहरात ऑड्री इव्हान्स या बालकर्करोगतज्ज्ञ आपल्या पेशंटच्या घरच्यांसाठी हॉस्पिटलजवळ एखादं घर शोधत होत्या. दोघांची गाठ पडली, संघानं पैसे उभे केले, हॅम्बर्गर विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं साथ दिली, आणि १९७४ मध्ये 'रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस' या नावानं पहिलं घर उघडलं. आज अशी घरं कितीतरी देशांत आहेत. कंपनीच्या नावाबद्दल कुणाचं काहीही मत असो, मला तिथलं स्वयंपाकघर महत्त्वाचं वाटतं. तिथं आईवडील स्वतः रांधू शकतात, आणि अनेक घरांमध्ये संध्याकाळी स्वयंसेवक येऊन रांधतात. सण नसलेल्या संध्याकाळीसुद्धा.

इथं काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, मग सणाचं जेवण बंदच करा, तो पैसा औषधांना द्या. हे मला मुळीच मान्य नाही. वॉर्डातला सण हा चैनीचा भाग आहे असं ज्यांना वाटतं ते तिथं दोन आठवडे राहिलेले नसतात.

वॉर्डात तारीख हरवते. दिवस मोजले जातात ते औषधांच्या फेऱ्यांवर: आज पाचवा दिवस, उद्या सुट्टी, एकविसाव्या दिवशी पुन्हा. माझ्या बहिणीला वार विचारला तर सांगता यायचा नाही, पण प्लेटलेट किती ते झोपेतही सांगता यायचं. घर जगाच्या कॅलेंडरातून निसटलेलं असतं. बाहेर रोषणाई असते, फोनवर शुभेच्छा येत असतात, आणि उत्तर काय द्यावं ते सुचत नाही. अशा वेळी कुणी येऊन गरम अन्न पुढे ठेवलं, तर त्यातून एवढंच कळतं की तुमचं घर अजून आमच्यात मोजलं जातं. हे काम औषध करू शकत नाही आणि हॉस्पिटलचं स्वयंपाकघरही करू शकत नाही. ते शेजाऱ्याचंच काम आहे. म्हणून सण टिकला पाहिजे. फक्त त्यानं पोट भरण्याची जबाबदारी अंगावर घेऊन स्वतःला संपवू नये.

सण द्यायचा तर तो वॉर्डाच्या घड्याळाप्रमाणे द्यायला हवा. दुपारी बारा ते दोन ही वेळ देणाऱ्याच्या सोयीची आहे. वॉर्डात दुपारी राउंड असतो, तपासण्या असतात, उपाशी ठेवलेली मुलं असतात. भूल देण्याआधी साधारणपणे सहा तास घन अन्न बंद असतं, आणि स्कॅन पुढे ढकलला की ते सहा तास दहा होतात. त्या मुलाच्या पलंगाला 'तोंडाने काही नाही' अशी पाटी असते आणि शेजारच्या पलंगावर गोडाचा दरवळ. हे क्रौर्य कुणी मुद्दाम करत नाही, पण वॉर्डात आदल्या दिवशी एक फोन केला तर ते टळतं. जेवणाची खरी वेळ रात्री आठनंतरची. तेव्हा पाळी बदललेली असते, भेटायला येणारे गेलेले असतात, कॅन्टीन बंद झालेलं असतं, आणि दिवसभर धावणारा बाप आलेला असतो.

अन्न सुरक्षित ठेवण्याचे नियम साधे आहेत, ते देणाऱ्यांनी तोंडपाठ करावेत. शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. गरम राहायचं ते ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड राहायचं ते ५ अंशांच्या खाली. पुन्हा गरम करायचं तर आतपर्यंत वाफ निघेल असं. सकाळी नऊला बांधलेलं आणि दुपारी एकला वाटलेलं ताट वाटण्याआधीच शिळं झालेलं असतं. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलाला त्याचा धोका आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त.

मुलाच्या ताटाचा विषय त्याहून नाजूक आहे आणि तो वॉर्डाच्या आहारतज्ज्ञावर सोडावा, असं माझं ठाम मत आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलाला मीठ आणि पोटॅशियम मोजून द्यावं लागतं, तिथं फळांची टोपलीही अडचणीची ठरू शकते. अवयव रोपण झालेल्या मुलांच्या काही औषधांशी ग्रेपफ्रूटसारखं फळ जुळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. केमोथेरपीत तोंड आलेल्या मुलाला तिखट-आंबट म्हणजे आग, आणि जिभेला सगळ्याची चव धातूसारखी लागते. स्टेरॉइडवर असलेली मुलं याच्या अगदी उलट. त्यांना इतकी भूक लागते की रात्री दोनला उठून ठरावीक पदार्थच मागतात आणि तो मिळेपर्यंत रडतात. एकाच खोलीत ही सगळी मुलं शेजारी शेजारी असतात. सगळ्यांना एकसारखं ताट वाटणं समतेसारखं दिसतं, पण त्यातलं निम्मं अन्न चुकीच्या पलंगावर जातं.

म्हणूनच सणाचं जेवण मोठ्यांसाठी आहे हे आधी मान्य करावं. आजारी मुलासाठी काय आणायचं ते आई आणि डॉक्टर सांगतील. जो माणूस निरोगी आहे, थकलेला आहे, ज्याला सगळं खायची मुभा आहे आणि ज्याला कुणी वाढत नाही, ताट त्याचं.

आणि भावंडांचं. या मुलांबद्दल फार कमी बोललं जातं. घरी राहिलेली बहीण किंवा भाऊ कधी आजीकडे, कधी शेजाऱ्यांकडे जेवतो. सणाला नवे कपडे कुणीतरी आणलेले असतात, पण आई नसते, बाप येऊन जाऊन असतो. संसर्गाच्या भीतीनं लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत, त्यामुळे आजारी भावाला त्यानं आठवडेच्या आठवडे पाहिलेलंही नसतं. माझी भाची तेव्हा आठ वर्षांची होती. सणाच्या दिवशी ती हॉस्पिटलच्या फाटकापाशी उभी राहून वरच्या खिडक्या मोजत होती. वॉर्डाच्या बाहेर, तळमजल्यावर, एखाद्या खोलीत टेबल मांडून जेवण ठेवलं, आणि तासभर दुसरं कुणी आजारी मुलाजवळ बसलं, तर आई त्या दुसऱ्या मुलासोबत एक जेवण जेवू शकते. शंभर ताटं वाटण्यापेक्षा असं एक टेबल मांडायला जास्त खटपट लागते. मला विचाराल तर सणाच्या देणगीतला सगळ्यात मोलाचा भाग तो तासभर आहे.

निवडीचाही प्रश्न आहे. हॉस्पिटलात आईवडिलांना सतत सांगितलं जातं. इथं सही करा, बाहेर थांबा, रक्त आणा. दिवसच्या दिवस त्यांना 'तुम्हाला काय हवं?' असं कुणी विचारत नाही. बांधून आणलेलं ताट हातात देणं हेही सांगण्यातच येतं. दोन भाज्या ठेवा आणि कोणती वाढू असं विचारा. काम तेवढंच, पण घेणारा माणूस ताठ बसतो. नको म्हणण्याचीही सोय हवी. काही घरांना त्या दिवशी सण नकोच असतो. कुणाचा रिपोर्ट वाईट आलेला असतो, कुणाच्या शेजारचा पलंग आदल्या रात्री रिकामा झालेला असतो. वॉर्डात सगळ्यांचा सण एकच नसतो, हेही विसरू नये. माझ्या सणाला मी ज्यांना वाढतो, त्यांच्या सणाला वॉर्डात कुणी येतं का, हे बघणं माझं काम आहे.

फोटोंबद्दल मी थोडक्यात पण स्पष्ट बोलतो. केस गेलेलं, नाकात नळी असलेलं मूल आणि त्याच्या हातात डबा देणारी माणसं, हे चित्र काढू नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं सोळावं कलम मुलाच्या खाजगीपणाचं रक्षण करतं, आणि आजारी पडल्यानं मूल त्यातून वगळलं जात नाही. 'आम्ही परवानगी घेतली होती' हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. हातात अन्न घेऊन उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं उपाशी माणसाला किती जमतं?

हॉस्पिटल चालवणारे म्हणतील की पेशंटचंच भागत नाही, नातेवाइकांना कुठून खाऊ घालू? ही अडचण खरी आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. पण एका मुलामागे एका माणसाचं जेवण, एवढंच मी मागतो आहे. सगळ्या गोतावळ्याचं नाही. मुलासाठी चूल पेटलेलीच असते, भांडी असतात, माणसं असतात. जे नाही ते यादीतलं एक नाव. सुरुवात तान्ह्या बाळांच्या आयांपासून आणि लांबून आलेल्यांपासून करता येईल. आणि देणाऱ्यांचा पैसा इथंच कामी येईल. जी मंडळी एका दुपारी शंभर ताटं देऊ शकतात, त्यांना तेवढ्याच खर्चाच्या आसपास दहा रात्री दहा माणसांना जेवू घालता येईल, हॉस्पिटलच्याच स्वयंपाकघरातून. बाहेरचं अन्न अजिबात नको म्हणणाऱ्या डॉक्टरांची हरकतही त्यानं मिटते. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण सरसकट बंदीला पुराव्याचा फारसा आधार नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांसाठी पूर्वी फार कडक पथ्य असे. ते पथ्य आणि स्वच्छतेचे नेहमीचे नियम यांची तुलना झाली तेव्हा कडक पथ्यानं संसर्ग कमी झाल्याचं दिसलं नाही. जपायला हवं ते हात, भांडी, वेळ आणि तापमान.

राहता राहिला देणाऱ्यांचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे, कारण तो माझाही होता. 'आम्हाला मुलांना भेटायचं असतं, त्यांच्या चेहऱ्यावर हसू बघायचं असतं. हॉस्पिटलच्या खात्यात पैसे भरून ते कसं मिळेल?' ते मिळणार नाही. हसू बघायचं म्हणून तीस माणसांनी संसर्गाचा धोका असलेल्या मुलांच्या वॉर्डात शिरणं बरोबर नाही, आणि ज्या मुलानं सकाळीच सुई सोसली आहे त्यानं आपल्यासाठी हसावं ही अपेक्षाही बरोबर नाही. भेटायचंच असेल तर आईला भेटा. तिच्याजवळ बसा, ती जेवेपर्यंत.

भाच्याचे उपचार पुढच्या वर्षीही चालू होते. सणाच्या तीन दिवस आधी काउंट पडले आणि ताप आला म्हणून तो पुन्हा दाखल झाला. त्या वर्षी आलेल्या मंडळींपैकी एका बाईंनी आदल्या संध्याकाळी वॉर्डात फोन करून सिस्टरना विचारलं होतं की मोठी माणसं किती, उपाशी कोण आहे, आणि किती वाजता आलेलं चालेल. रात्री सव्वाआठला त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. कॉरिडॉरच्या टोकाला टेबल लावलं, झाकणं उघडली तेव्हा वाफ निघाली. मी भाच्याजवळ बसलो आणि बहिणीला पाठवलं. दार उघडं होतं, त्यामुळे मला ऐकू येत होतं. त्या बाईंनी विचारलं, "काय वाढू तुम्हाला?" माझी बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "तिखट आहे का हो काही?"